नमुना क्रमांक तीन

शेवटी नमुना क्रमांक तीन पसंत पडला. सर्वानुमते पडला, आणि बापूसाहेबांनी स्वतःच्या तोंडाने "पास" असा शब्द उच्चारला.

पण पळसुल्यांच्या घरात एखादी गोष्ट झाली म्हणून ती लगेच झाली असं धरायची पद्धत नाही. सत्त्याऐंशी साली कूलर घ्यायचं ठरलं, तर तो दोन उन्हाळे ठरतच राहिला आणि दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत घरी आला. पहिले चार महिने त्याच्यावर रजया ठेवल्या होत्या. तेव्हा आपणही तिसरा नमुना पसंत पडलाच नाही असं समजू. अजून रविवार सकाळचे साडेनऊ वाजले आहेत, पनागरहून आलेलं मटाराचं पोतं जबलपुरात घमापुरच्या घरात बैठकीच्या मधोमध उपडं केलेलं आहे, पाच माणसं त्याच्याभोवती शेंगा सोलत बसली आहेत, आणि अजून कुणीही कुणाला काहीही बोललेलं नाही.

विनय सोलत होता आणि मनात आठवडे मोजत होता.

"सिंगल चार्ज में छह हफ्ते," चिन्मयी खोक्यावरचं वाचून सांगत होती. विनयची ही एकुलती मुलगी बावीस वर्षांची होती आणि तिला मराठी सगळं समजायचं, फक्त उत्तर बरंचसं हिंदीत यायचं. "सोचो बापूसाहेब, सहा आठवडे चार्जिंगच नाही करायचं."

विनयने शेंग मोडली. तीन आठवड्यांपूर्वी वडिलांचे, म्हणजे बापूसाहेबांचे, डोळे तपासून डॉक्टरने त्याला खोलीबाहेर कॉरिडॉरमध्ये बोलावून सांगितलं होतं, "पडदे का बीच वाला हिस्सा जा रहा है, भाईसाहब. किनारे का दिखता रहेगा, पर पढ़ना नहीं हो पाएगा. तब तक अक्षर बड़े करके पढ़ लें." तब तक म्हणजे कधीपर्यंत, असं विनयने विचारलं, तर डॉक्टरने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाला, "दो महीने." त्यातले तीन आठवडे गेले होते. उरले सहाच्या आत. म्हणजे या यंत्राला दुसऱ्यांदा चार्ज करायची वेळ बहुधा येणारच नव्हती.

घरी त्याने सांगितलं होतं, "थोडी सूज आहे. मोठी अक्षरं वाचा म्हणाले." मग मोठी अक्षरं कुठून आणायची, यावर पुस्तक वाचायचं हे यंत्र निघालं. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, डोळ्यांवर उजेड मारत नाही आणि हजार पुस्तकं त्यात मावतात. सगळ्यांना बरं वाटलं. बापूसाहेब मात्र म्हणाले, "तीन नमुने मागवा. तीन नसले तर तुलना नाही. तुलना नसली तर निवड नाही."

यात कुणाला नवल वाटलं नाही. बापूसाहेबांनी खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात चौतीस वर्षं काढली होती, आणि त्या चौतीस वर्षांत स्वतः न तपासलेल्या वस्तूवर त्यांनी एकदाही सही केली नव्हती. याचा फॅक्टरीला काय फायदा झाला ते फॅक्टरी जाणे, घराला त्रास झाला. विनयच्या प्रगतिपुस्तकावर ते बेरीज तपासल्याशिवाय सही करत नसत, आणि एकदा बेरीज चुकलेली निघाल्यावर विनयला आणखी नापास करून आले होते. मुलीच्या, राजश्रीच्या, वेळीही तीन स्थळं पाहिली, दोन परत पाठवली. तिसरे गुणवंतराव. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली तरी आपण पास झालो की मुदत संपली म्हणून राहिलो, याची गुणवंतरावांना अजून खात्री नव्हती. म्हणून ते नागपूरलाच थांबले होते आणि राजश्री एकटी आली होती.

तिला यावंच लागलं. यंत्रं दहा दिवसांत परत करता येत होती आणि नऊ दिवस चाचणी झालीच नव्हती. पहिल्या दिवशी बापूसाहेबांना उजेड योग्य वाटला नाही. दुसऱ्या दिवशी चष्मा योग्य वाटला नाही. मग गुरुवार आला. मग ते म्हणाले की समितीत घरातली सगळी पिढी असल्याशिवाय निवड वैध कशी धरायची, आणि राजश्रीला फोन गेला. आता राजश्री समोर बसली होती, उद्या मुदत संपत होती, आणि बापूसाहेबांपाशी एकही सबब उरलेली नव्हती. ते सगळ्यात भरभर शेंगा सोलत होते. खाली बघतसुद्धा नव्हते.

"नमुना क्रमांक एक," चिन्मयीने जाहीर केलं. "सबसे हल्का. एकशे सत्तर ग्राम."

"राजश्रीला दाखव आधी," बापूसाहेब म्हणाले.

राजश्रीने हात पुसून यंत्र घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. "अगं, हे काहून असं दिसून राहिलं? प, मग चौकोन, मग सुले."

"टेस्टिंग के लिए मैंने अपना नाम डाला है, आत्या."

"ते ठीक. चौकोन काहून?"

"त्याला ळ नाही येत. फॉन्ट में है ही नहीं."

सोलणारे सगळे हात थांबले. जबलपुरात तीन पिढ्या दूधवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी त्यांना पलसुलेजी म्हटलं होतं आणि पळसुल्यांनी ते चालवून घेतलं होतं, कारण ल निदान अक्षर तरी आहे.

"चौकोन मोकळा आहे की भरलेला?" बापूसाहेबांनी विचारलं.

"मोकळा."

"रिजेक्ट. ज्योती, लिही."

ज्योती, विनयची बायको, कॅलेंडरच्या जुन्या पानामागे कामकाज लिहून घेत होती. "कारण काय लिहू?"

"घराण्याचं मधलं अक्षर गहाळ."

ज्योतीने ते हिंदीत लिहिलं. लिहिता लिहिता तिचं लक्ष सोललेल्या दाण्यांच्या पातेल्यात गेलं. "चिनू, हे किडके दाणे कोण टाकून राहिलं यात? ही बघ, अळी. चांगली जिवंत आहे."

"मैंने नहीं डाला!"

"मग काय ती चालत आली?"

"असू दे," बापूसाहेब म्हणाले. "अळी पण पनागरचीच आहे, ताजी असेल."

सगळे हसले. विनयही हसला. बापूसाहेबांच्या हातून गेली चाळीस वर्षं किडका दाणा पातेल्यात पडलेला नाही, हे त्याच्या मनात आलं आणि त्याने ते लगेच मनातून काढून टाकलं. गेले तीन आठवडे तो हेच काम करत होता आणि त्यात चांगला तयार झाला होता.

नमुना क्रमांक दोन मोठा होता, ताटाएवढा, आणि तो स्वतःच वाचून दाखवायचा. चिन्मयीने त्यात जे पुस्तक टाकलं होतं ते तिला फुकट मिळालेलं एकमेव मराठी पुस्तक होतं, 'कुक्कुटपालन मार्गदर्शिका'. तिने बटण दाबलं आणि एका बाईचा गोड आवाज बैठकीत पसरला.

"कोंबडि-यांची कालजी. पिलांना थंडी-पासून जपा-वे. सकाली व संध्या-काली..."

बापूसाहेबांनी चार वाक्यं ऐकून घेतली. "ही बाई कुठली?"

"बाई नहीं है बापूसाहेब, सॉफ्टवेअर है."

"ते समजलं. माहेर कुठलं तिचं?"

"बंद कर ते," राजश्री म्हणाली. "कालजी म्हणे. घरात तीन धडधाकट माणसं असून बापूसाहेबांना वाचून कोण दाखवणार, तर ही भवानी?"

ज्योतीने पेन खाली ठेवलं. आतापर्यंत नणंद-भावजय एका बाजूला होत्या. ताटाएवढं यंत्र झोपेत नाकावर पडेल, असं दोघींनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. ती युती इथे संपली.

"ताई, तीन माणसं काही बसून नाही राहिली घरात. मला शाळा आहे, यांना ऑफिस आहे."

"मी काही म्हटलं का? मी फक्त विचारते. वहिनी, तुम्हाला दोन ओळी मराठी वाचता येतात?"

"येतात. हळू येतात."

"हळू म्हणजे?"

"हळू म्हणजे हळू," ज्योती म्हणाली. गेल्या महिन्यात तिने एक अग्रलेख वाचून दाखवायला घेतला होता. तो संपेपर्यंत त्यातलं सरकार पडलं होतं.

"आणि चिनू तर ञ बघून पळते," राजश्री म्हणाली. "म्हणून म्हणते, मी घेऊन जाते नागपूरला. आमच्या गल्लीत रद्दीवालासुद्धा मराठी वाचतो, वाचून मग तोलतो. वाचता येत नसेल तर इथे बसून बापूसाहेब करतील काय दिवसभर? मटर सोलतील?"

"म्हणजे आम्ही त्यांना मटर सोलायला ठेवलंय?"

"मी असं म्हटलं का, वहिनी?"

"आत्या, आपने एक्झॅक्टली यही बोला," चिन्मयी म्हणाली आणि सरकून आईच्या बाजूला जाऊन बसली.

"दादा, तू बोल ना काही," राजश्री विनयकडे वळली. "तूच सांग. ह्यांना वाचता येत असेल तर मी आज दुपारच्या गाडीने जाते, एक शब्द नाही बोलत. नसेल येत, तर बॅग भर त्यांची. चूक आहे का माझं?"

चूक नव्हतं. हीच अडचण होती. विनयला मराठी वाचता येत होतं, अगदी नीट येत होतं, आणि इतक्या वर्षांत तो बापूसाहेबांसमोर पुस्तक घेऊन एकदाही बसला नव्हता. त्याने मटाराच्या ढिगाकडे पाहिलं आणि घरातला कर्ता पुरुष म्हणून निर्णय दिला. "तिसरा नमुना बघून घेऊ आधी."

"आण तिसरा," बापूसाहेब म्हणाले.

ते इतकं सहज म्हणाले की चिन्मयीला ते कळायलाच वेळ लागला. तिने तिसरं यंत्र काढलं, तेच पुस्तक उघडलं, अक्षरं वाढवत वाढवत एवढी केली की एका पानावर अकरा शब्द राहिले, आणि ते त्यांच्या पुढे केलेल्या हातात दिलं. "वही मुर्गी वाली किताब, बापूसाहेब. चौथा चॅप्टर."

"खिडकी उघड, विनय. पंखा बंद करा. ज्योती, चष्म्याला फडकं दे."

खिडकी बापूसाहेबांच्या पाठीमागे होती आणि तिची कडी गेल्या दिवाळीच्या रंगात चिकटलेली होती. विनयने ती दोन-तीन हिसके देऊन उघडली. पंखा फिरायचा थांबेपर्यंत बापूसाहेब थांबले. त्यांनी चष्मा पुसला, लावला, काढून परत पुसला. मग यंत्र बरोबर एक वीत अंतरावर धरलं आणि खाकरले.

"प्रकरण चौथे. तपासणी," त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. "कोंबड्यांची खेप आल्यावर प्रथम संख्या मोजावी. मोजणी चालू असताना मोजणाऱ्याने व कोंबड्यांनी आपसात बोलू नये. प्रत्येक खेपेतून दोन टक्के नमुने उचलावेत. नमुना उचलणाऱ्याने ओळखीची कोंबडी उचलू नये."

राजश्रीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नमुन्याच्या पृष्ठभागावर तडा, ओलावा अथवा गंज," बापूसाहेब क्षणभर थांबले, "अथवा पिसे आढळल्यास तशी नोंद करावी. संशयास्पद कोंबडी स्वतंत्र खोलीत ठेवून तिच्याभोवती वाळूच्या पिशव्या रचाव्यात. त्या खोलीत विडी ओढू नये. कोंबडीवर कोणत्याही परिस्थितीत हातोडीने ठोकू नये."

विनय खिडकीपाशी उभा होता आणि त्याला बापूसाहेबांच्या खांद्यावरून यंत्र दिसत होतं. चष्मा पुसला जात असताना ते झोपी गेलं होतं. पडद्यावर अकरा शब्द नव्हते, एकही शब्द नव्हता. तिथे एका दीपगृहाचं राखाडी चित्र होतं, बाजूला समुद्र, वर दोन पक्षी. बापूसाहेबांची नजर त्या चित्रावर डावीकडून उजवीकडे जात होती, ओळ संपली की परत डावीकडे येत होती.

"वाह," चिन्मयी हळूच आईला म्हणाली. "मराठी में मुर्गियों को इतना सीरियसली लेते हैं?"

"मराठीत सगळंच असं लिहितात," ज्योतीने सांगितलं. तिचे डोळे भरून आले होते.

राजश्री तर उघड रडत होती. "किती साफ वाचलं! एक अक्षर अडलं नाही. वहिनी, सॉरी. मी उगाच बोलले."

"नाही ताई, तुमचं पण बरोबर होतं."

"पास," बापूसाहेब म्हणाले आणि यंत्र पालथं करून मांडीवर ठेवलं.

ज्योतीने कॅलेंडरचं पान पुढे केलं, पेन त्यांच्या बोटांत दिलं. "इथे, बापूसाहेब." त्यांनी सही केली. सही सरळ आली, शेवटच्या आडव्या रेघेसकट, कारण सही हाताला पाठ असते. चौतीस वर्षं नोकरी आणि तेवीस वर्षं पेन्शन धरून त्यांची ही पहिली खोटी सही होती, आणि ती बघणारा एकच माणूस खोलीत होता. त्या माणसाला अजूनही तोंड उघडता आलं असतं. त्याने खिडकीची कडी परत लावली.

राजश्रीने तिथूनच नागपूरला फोन लावला. "अहो, पास केलं! हो, स्वतः वाचलं!" पलीकडून गुणवंतराव काहीतरी बोलले. "नाही, तुमचं नाही, मशीनचं," राजश्री म्हणाली. मग हे साजरं करायला खोव्याची जलेबी आणायचं ठरलं, आणि ती गरम मिळते ते दुकान चिन्मयीलाच माहीत, आणि राजश्रीला गाडीसाठीही बांधून घ्यायची होती, आणि ज्योतीला दोघींवर भरवसा नव्हता, तेव्हा तिघीही हसत हसत बाहेर पडल्या. फाटक वाजलं. बैठकीत मटार उरला आणि दोन पळसुले.

विनय समोर येऊन बसला.

"बापूसाहेब."

"हं."

"मशीन झोपलं होतं."

बापूसाहेबांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे पातेल्यात टाकले. "अच्छा," ते म्हणाले. "मला वाटलं चालू आहे."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"काय होतं मग त्यावर?"

"दीपगृहाचं चित्र."

"बरं आहे का?"

"बरं आहे." विनय पुढे सरकला. "केव्हापासून?"

"दसऱ्यापासून. तुम्ही सोनं दिलंत ना मला, त्या दिवशी आपट्याची पानं दिसली. संध्याकाळी पुस्तक उघडलं, तर ती पानं नाही दिसली. कडा दिसते. मधे काही नसतं."

"पण डॉक्टरकडे तुम्ही चार ओळी वाचल्या होत्या. मी तिथेच होतो."

"माझ्या आधीचा पेशंट मोठ्याने वाचत होता. वाचक चांगला होता."

"आणि रोज सकाळी पुस्तक घेऊन बसता ते?"

"ज्योतीचा कुकर असतो ना. दोन शिट्ट्यांना एक पान उलटायचं. डाळ असली की पुस्तक लवकर संपतं."

विनयला हसू आलं आणि ते अर्ध्यावर भलतीकडेच गेलं. "मला सांगायचं तरी."

"तू सांगितलंस मला? दोन महीने म्हणून? दार उघडं होतं, विनय. माझे डोळे गेलेत." ते हे रागाने म्हणाले नाहीत. दोष कुठल्या भागात आहे ते नेमकं सांगावं, तसं म्हणाले.

"राजश्रीला काय सांगायचं?"

"काही नाही. सांगितलंस तर ती नेईल. चांगली पोरगी आहे, खरंच नेईल. गुणवंतराव रोज वाचून दाखवतील आणि दर पानाला विचारतील, बरोबर वाचलं ना? या वयात मला रोज एक माणूस पास नाही करवत."

"मी वाचत जाईन," विनय म्हणाला. "आजपासून. आत्तापासून." त्याने त्यांच्या मांडीवरचं यंत्र उचललं, जागं केलं, आणि वाचायला लागला. "'पिल्ले खरेदी करताना ती एकाच दिवशी जन्मलेली आहेत याची खात्री करून घ्यावी. अशक्त पिल्ले वेगळी...'"

त्याने नीट वाचलं. कुठेही अडखळला नाही. बापूसाहेबांनी दीड पान डोकं कलतं करून ऐकलं आणि मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पुरे."

"चुकतंय का?"

"नाही, छान वाचतोस. पण हे ऐकणं झालं. वाचताना तू नसतोस, विनय. कुणीच नसतं. मी पण नसतो." त्यांनी हात काढून घेतला. "ते यंत्र राहू दे माझ्यापाशी. पुस्तक धरण्यापेक्षा हलकं आहे. आता कागद घे. अर्ज लिहायचाय."

"कुणाला?"

"ते मागाहून बघू. आधी मजकूर."

विनयने ज्योतीचं कॅलेंडरचं दुसरं पान ओढलं, पाठीमागची कोरी बाजू वर केली. ऑफिसात वर्षानुवर्षं लिहिलेले अर्ज हाताशी आले. "हिंदीत लिहू?"

"नको. हिंदीत लिहिलास तर घरात कुणीतरी वाचेल."

मग ते सांगत गेले आणि विनय लिहीत गेला.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी,
कार्यालयाचे नाव कळल्यावर येथे भरावे.

विषय : एक पान वाचण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार, वय वर्षे एक्क्याऐंशी, सेवानिवृत्त, राहणार घमापुर, जबलपुर, यास एक, अक्षरी एक, पान स्वतःच्या डोळ्यांनी, एकट्याने बसून, एकदाच वाचण्याची परवानगी देण्यात यावी. पान कोणते असावे, याचा निर्णय कार्यालयाने घ्यावा. नमुने मागवू नयेत. अक्षर बारीक, शाई फिकी, कागद जुना अथवा मजकूर मध्येच तुटलेला असला तरी चालेल. अर्जदार सदर पान कोणत्याही कारणास्तव नाकारणार नाही, असे तो येथे लिहून देत आहे.

परवानगी मिळाल्यास अथवा न मिळाल्यास, तसे अर्जदारास कृपया लेखी कळवू नये.